वना मास्तरांचा हेडफोन

धरणगावच्या बँडात क्लॅरनेट वाजवणाऱ्या वना मास्तरांना तुम्ही काहीही बोला, चाललं असतं. चाल चुकली म्हणालात की मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवं गाणं आलं की कॅसेट आधी त्यांच्या घरी यायची. टेपला कान लावून ते चाल उचलायचे आणि मग बाकीच्यांना बसवून शिकवायचे. त्यांची मास्तरकी एवढीच, पण तोरा केवढा.

त्या वर्षी मात्र दोन गाणी मधल्याच ओळीत घसरली आणि भर वरातीत वऱ्हाडी हसले. बँडाचे मालक मोतीलालशेठ यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले की तुळशीच्या लग्नानंतर चाल वाजवायला एक कॅसिओवाला बघून ठेवतो.

मास्तरांनी सगळं खापर टेपवर फोडलं. घर एका खोलीचं, शेजारी पिठाची गिरणी, गाण्यातले बारकावे कानावर पडणार कसे? हेडफोन घेतला की चाली बिनचूक येतील आणि शेठचं तोंड बंद होईल. बायकोने, भिकुबाईने, लुगड्यासाठी ठेवलेले पैसे नाक मुरडत काढून दिले. तेवढ्यात बसेल तोच, पण आवाजाला चांगला, असं घोकत मास्तर जळगावला गेले.

कॅसेट त्यांनी सोबत नेली होती. बाजारातल्या दुकानात पहिला हेडफोन डोक्यावर चढवला आणि लगेच उतरवला.

"डावी बाजू मरेल शे, भाऊ."

दुसरा मऊ गादीचा होता, त्याचीही डावी बाजू मेलेली. तिसरा त्यांच्या ऐपतीबाहेरचा, तरी तीच रड. मग मास्तर भडकले. मुंबईला खपत नाही तो माल खान्देशच्या माथी मारता, असं दुकानदाराला चार लोकांत सुनावलं. दुकानदार लीलाधर शांत माणूस. त्याने तोच हेडफोन उलटा करून मास्तरांच्या कानांवर बसवला. मेलेली बाजू आता उजवीकडे यायला हवी होती. ती डावीकडेच राहिली.

"मास्तर, हेडफोन चांगले आहेत," लीलाधर हळू आवाजात म्हणाला.

मास्तरांना सगळं उमगलं. वरातीत लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेली हातगाडी मध्ये चालते आणि तिच्या उजव्या अंगाला, कर्ण्याला अगदी खेटून, मास्तरांचा मान. ती जागा मिळावी म्हणून तरुणपणी ते भांडले होते. मिळाल्यावर एक पाऊलही कधी बाजूला सरकले नाहीत. तो कर्णा इतकी वर्षं त्यांच्या डाव्या कानात ओरडत होता आणि हे छाती फुगवून चालत होते. स्वतःची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

"एकच बाजू चालस असा शे का?" त्यांनी विचारलं. "माले तितलं पुरे."

बिघडून परत आलेला एक होता. लीलाधरने तो निम्म्यात दिला.

घरी भिकुबाईला त्यांनी सांगितलं की दहांतून निवडून आणला. उजव्या कानाने रोज ऐकत त्यांनी चाली उचलल्या आणि तालमीत एकही चुकली नाही. पण शेठने कॅसिओवाल्याला आधीच विसार दिला होता. मोसमातली पहिली वरात दोंडाईच्याची. नवा पोरगा कॅसिओ गळ्यात अडकवून गाडीच्या उजव्या अंगाला आला, तसे शेठ म्हणाले,

"मास्तर, आते तुम्ही डाव्या अंगले ऱ्हावा."

डाव्या अंगाला चालायचं म्हणजे कर्णा उजव्या कानाशी. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि बहिऱ्या मास्तराला बँडात ठेवतो कोण? मास्तर गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, क्लॅरनेट ओठांना लावलं आणि कर्णा सुरू झाला.