सत्तावीस नंबरच्या पिंपाची मागची बाजू

मी पिंप फिरवलं नाही. आणि फिरवलं, असं लिहिलं.

एवढी दोन वाक्यं — पण ती मी आजवर घरात उच्चारलेली नाहीत. माझ्या बायकोला, मेधाला, फक्त इतकंच दिसतं की मी स्वयंपाकघरात उभा राहून डबे वळवतो, त्यांची मागची बाजू बघतो. “डब्यांना प्रदक्षिणा घालून झाली असेल तर चहा घ्या,” ती म्हणते. मी हसतो. तिला काय सांगू? तुम्हाला सांगतो.

दिल्लीच्या कडेला एका भंगाराच्या आवारात किरणोत्सारी धातूचा तुकडा कुणीतरी नकळत कापला होता. त्याचे कण मातीत गेले. ती माती खरवडून आम्ही पिंपांत भरली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. कुठल्या पिंपात किरणोत्सार किती, याचा अंदाज काढणं माझं काम. मीटर धरायचं, आकडा घ्यायचा, त्यावरून हिशेब मांडायचा. पण कण एका कडेला बसला असेल, तर मधली मातीच त्याला झाकते. म्हणून पिंप फिरवून चारही बाजूंनी मोजायचं — नव्या लोकांना हे मीच शिकवायचो.

मे महिना होता. अंगभर संरक्षक कपडे, हातांत रबरी मोजे, डोक्यावर तापलेला पत्रा. मागची रांग भिंतीला टेकलेली. एकेक पिंप हलवायला तीन माणसं लागत, आणि माणसं जेवायला गेली होती. थांबता आलं नसतं का? आलं असतं. मी समोरून मोजलं आणि उरलेल्या तीन बाजूंचे आकडे बसवले — थोडे वर, थोडे खाली, खरे वाटतील असे.

भिंतीपलीकडे रामफळजींची खुर्ची होती. ते तिथले पहारेकरी, पानिपतकडचे. दिवसभर पाठ भिंतीला लावून बसत. मी रोज त्यांना नमस्कार करायचो — रोज.

काही महिन्यांनी नसीम आली. मिरजेची. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेली, दोनदा हुकल्यावर आमच्याकडे कंत्राटावर लागली. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. “सर, इथे कुणाला ‘भडंग’ म्हटलं तर यार, भांडायलाच येतील,” असं काहीबाही बोलायची. मला बरं वाटायचं.

एकदा तिच्या हातून मीटर पडलं. ती रडकुंडीला आली. मी तपासणीच्या ठरावीक नमुन्यावर ते धरून पाहिलं — आकडा अगदी बरोबर. “चालतंय,” मी म्हणालो, “घाबरू नकोस.”

अहवालाआधीच्या फेरतपासणीत त्याच मीटरने तिने मागच्या रांगेतलं सत्तावीस नंबरचं पिंप, माणसं बोलावून, फिरवून मोजलं. भिंतीकडच्या बाजूचा आकडा माझ्या आकड्याच्या कितीतरी पट होता. तिने तो सरळ नोंदवहीत लिहिला.

साहेबांनी आम्हाला बोलावलं. अहवाल तयार होता, सही तेवढी बाकी. “ये रीडिंग कहाँ से आया?” त्यांनी विचारलं. नसीम माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “सर, तुम्हीच सांगा ना. मीटर तुम्ही तपासलंय.”

मी हिंदीत उत्तर दिलं.

हे मला सगळ्यात जास्त छळतं. मराठीत बोललो असतो तर — कदाचित खोटं निघालंच नसतं तोंडातून. मी साहेबांकडे बघून म्हणालो, “सर, मीटर इसके हाथ से गिरा था।”

खोटं कुठे होतं त्यात? पडलं होतंच की. पुढचं वाक्य तेवढं मी गिळलं.

“फिर पुराना ही रहने दो,” साहेब म्हणाले. पुढे नसीमचं कंत्राट वाढवलं नाही. नोंदवहीत तिच्या आकड्यावर आडवी रेघ, आणि खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. भिंत आणि पिंप यांच्या फटीतून मीटर आत घातलं. तिचाच आकडा आला. मग मी काय केलं? वर छत गळतंय असं सांगून रामफळजींची खुर्ची फाटकापाशी हलवली. “बड़ी मेहरबानी, साहब,” ते म्हणाले. नोंदवही मात्र तशीच ठेवली. पिंपं माझेच आकडे घेऊन दुसरीकडे गेली.

वर्षं गेली. मयूर विहारहून मेट्रोने जाताना मला पाठ टेकून बसवत नाही, जागा असली तरी; भिंतीला टेकलेले रामफळजी आठवतात. यंदा मी कार्यालयाला लेखी कळवलं: मागच्या रांगेचे आकडे मी न मोजता भरले होते, आणि सत्तावीस नंबरचा नसीमचा आकडा खरा होता. तिचा पत्ता शोधला. ती आता शाळेत विज्ञान शिकवते, आणि प्रशिक्षणासाठी दिल्लीत येणार होती. कस्तुरबा गांधी मार्गावर भेटलो. मी पत्राची प्रत पुढे करणार, तोच तिने विचारलं, “सर, रामफळजी कसे आहेत?”

मला माहीत नव्हतं. ते नोकरी सोडून गेले, तेव्हा मी चौकशीसुद्धा केली नव्हती. तसंच सांगितलं.

मग म्हणालो — मराठीत, “नसीम, तुझं मीटर ठीक होतं. मला त्या दिवशीही माहीत होतं. तरी मी तुझ्यावर ढकललं. मला माफी मागायचीय तुझी.”