अणुघड्याळातला दिवा आणि बाबांची स्कूटर

उपग्रहातल्या अणुघड्याळात एक इवलासा दिवा असतो. त्याच्या काचेच्या कुपीत रुबिडियम नावाचा धातू असतो, तो हळूहळू काचेत मुरत जातो. संपला की दिवा गेला आणि घड्याळही गेलं. वर जाऊन दिवा बदलता येत नाही, म्हणून तो किती टिकेल हे आधीच सांगणं माझं काम. आमच्या बेटेगावात याचा अर्थ एवढाच झाला की, आमची मुलगी काय कधी बंद पडेल ते सांगते. सुट्टीत घरी गेले की शेजारपाजारचे मिक्सर आणि पाण्याचे पंप माझ्यासमोर येतात.

गेल्या मे महिन्यात आईने थेट बाबांनाच पुढे केलं. तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा रोज सकाळी स्कूटर काढून बोईसरला जुन्या सोबत्यांबरोबर चहा प्यायला जातात. नुकतीच ती त्यांनी भाजीच्या हातगाडीत घातली होती. हातगाडीला काही झालं नाही, वांगी तेवढी गेली. आईला स्कूटर विकायची होती. बाबांना वाटत होतं, बोईसर सुटलं की आपण संपलो. आणि निकाल मी द्यायचा होता. दोघांचाही राग आला मला. दिवे निदान रुसून जेवायचे थांबत नाहीत.

बाबांनी माझंच शास्त्र माझ्यावर उलटवलं. नव्या माठात पाणी मुरतं तशी नवी काच सुरुवातीला भराभर धातू पिते, मग तिची तहान कमी होत जाते, हे मीच कधीतरी कौतुकाने सांगितलेलं.

"म्हणजे जुना दिवा भरवशाचा," ते म्हणाले. "मी तर केवढा जुना हाय."

मी म्हटलं, नुसतं वय बघून आम्ही काही ठरवत नाही, दिवा पेटवून उजेड मोजतो. आणि त्यांच्या मागे बसले. बाबांनी स्कूटर इतकी सांभाळून चालवली की एक म्हैस आमच्या पुढे निघून गेली. खड्डे सगळे चुकवले. पण वळणावर उजवीकडून टेम्पो आला, तो मी ओरडल्यावरच त्यांना कळला. मान उजवीकडे वळतच नव्हती, आणि हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

परत आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी खरं तेच सांगितलं, यापुढे एकट्याने नको. बाबांचा चेहरा एकदम उतरला. घाईघाईने मी पुढे जोडलं की, उपग्रहातसुद्धा एकाच घड्याळावर भिस्त नसते, एक जादाचं तयार ठेवतात. माझ्या मनात शेजारचा रिक्षावाला होता.

आईने किल्ली उचलली. "मग मला शिकवा तुमी," ती बाबांना म्हणाली.

पावसाळा सरेपर्यंत ती शिकली, परवानाही काढला. आता रोज सकाळी ती चालवते, बाबा मागे बसतात, आणि चहा दोघं पितात. सगळं ठीक चाललंय ना, असं परवा मी फोनवर विचारलं.

"डावीकडचं मी बघतो," बाबा म्हणाले, "उजवीकडचं ती."