पडीक नावाचा फोल्डर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजारच्या टेबलावर बारा वर्षं बसणाऱ्या माणसालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय – ते मलाही नीट कळत नाही. दमलोय, एवढं खरं.

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी मोठा संगणक सांभाळतो. मोठा म्हणजे खोलीभर कपाटं, दिवसभर घोंघावणारे पंखे आणि आसपासच्या पाच-सहा कॉलेजांतल्या संशोधकांनी मिळून वापरायची जागा. समाईक विहिरीसारखंच प्रकरण. पाणी सगळ्यांचं, भांडणं माझ्याकडे. प्रत्येकाला स्वतःची थोडी जागा मिळते, तिला आम्ही ‘घर’ म्हणतो. आणि एक भलीमोठी, सगळ्यांची, कामापुरती वापरायची जागा असते – तिला मीच ‘खळं’ नाव पाडलं. खळ्यावर माल ठेवून द्यायचा नसतो, काम झालं की घरी न्यायचा. ज्या फाइलला तीस दिवस कुणी हात लावला नाही, ती यंत्र आपोआप पुसतं. खळ्यावरच्या मालाची दुसरी प्रत कुठंही नसते. हा नियम मीच लिहिला आणि मीच भिंतीवर चिकटवला.

मनीषा पाटोद्याकडची, पीएच.डी. करणारी. वडील मेंढरं राखायचे. तालुक्यातली कुठली जमीन कधी पडीक असते, ते उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकानं ओळखायचं, हा तिचा विषय. मी नेकनूरकडचा, घरची बागायत – मी हसलो होतो तिला. पडीक रानावर कसली आलीय पीएच.डी.? तेव्हा ती म्हणाली होती, “सर, तुमाला ते पडीक. आमाला ती चराई हाय.”

दोन वर्षं, सुट्टी मिळाली की ती वडिलांबरोबर मेंढरांमागं हिंडली आणि मोबाइलवर एकेका रानाची हद्द टिपली. उपग्रहाची चित्रं काय, परत मिळतात. त्या हद्दी मिळणार नव्हत्या, कारण गेल्या साली पडीक असलेलं रान यंदा कुणीतरी नांगरलेलं असतं.

तिचं घर भरलं होतं. लॅपटॉप जुना, त्यात जागा नाही; मोबाइलवरच्या हद्दीही इकडं आणल्या की ती तिकडून पुसायची. वाढीव जागेसाठी तिनं अर्ज दिला, तो तीन महिने माझ्याकडं पडून होता. कारण? काहीच नाही. आज करू, उद्या करू. म्हणून तिनं सगळं खळ्यावर ठेवलं आणि फोल्डरला नाव दिलं – पडीक.

आता गंमत बघा. पडीक हा माझाही शब्द होता. कॉलेज सोडून गेलेल्या पोरांच्या बेवारशी फायली मी गोळा करायचो, त्या फोल्डरांना पडीक-एक, पडीक-दोन अशी नावं द्यायचो आणि सवडीनं पुसायचो.

त्या सोमवारी सकाळी खळं गच्च भरलं. सगळ्यांची कामं अडली, फोनवर फोन सुरू झाले. मी मोठे फोल्डर हुडकत होतो, त्यात ‘पडीक’ दिसलं. मालक कोण, हे बघायला किती वेळ लागतो? एक ओळ वाचायची असते. ती मी वाचली नाही. पुसून टाकलं. फोन थांबले आणि मी निवांत चहा प्यालो.

दुपारी ती आली, फोल्डर दिसत नाही म्हणाली. तिनं नाव सांगितलं – पडीक. सकाळी मी पुसलेला तोच. तेव्हा बोलायचं होतं. ‘माझ्या हातून गेलं’ – इतकंच. मी म्हणालो, तीस दिवस झाले असतील, यंत्रानं पुसलं. ती म्हणाली, पण मधे मी फोल्डर उघडला होता. मी म्हणालो, नुसता फोल्डर उघडून चालत नाही, फाइल वाचावी लागते. हे मात्र खरं आहे, बरं का. म्हणूनच तिला ते पटलं.

ती गेल्यावर मी नोंदी काढल्या. त्या फायली तिनं एकोणीस दिवसांपूर्वीच वापरल्या होत्या. दार लावून घेतलं, ती नोंद काढून टाकली आणि तिच्याखालची, पुसायच्या माझ्या आदेशाची नोंदही. फोल्डर पुसला तो घाईत. हे मात्र मी शांतपणे, विचार करून केलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. “माझीच चूक हाय, सर. दिस मोजायचे इसरले. तुमाला उगी तरास दिला.” ती माझी माफी मागत होती – आणि मी, असू दे, असू दे म्हणालो.

तिच्या मार्गदर्शकांनी तिला निष्काळजी ठरवलं. मुदतवाढ मिळाली नाही. ती पाटोद्याला परत गेली, तिथं शिकवते असं कानावर आलं. मी कधी चौकशी केली नाही. कोणत्या तोंडानं करणार होतो?

एवढ्यावर थांबलो असतो तरी – पण नाही. दरवर्षी नव्या पोरांना नियम समजावून सांगावे लागतात. त्यात मी तिची गोष्ट सांगायला लागलो. एक मुलगी होती, तिनं तीस दिवस मोजले नाहीत आणि दोन वर्षांचं काम घालवून बसली. नाव घेत नाही. पोरं हळहळतात, नियम लक्षात ठेवतात. बारीकसारीक तपशीलही घातले मी त्यात. हळूहळू मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

यंदाही सांगितली. संपल्यावर तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, पाटोद्याची. म्हणाली, “सर, ती आमच्या मनीषा मॅडमची गोष्ट हाय. त्या सोताच सांगत्यात वर्गात. यंत्र चुकत न्हाई, मी चुकले, म्हणत्यात. तुमी लई मदत केली व्हती, असं बी सांगत्यात.”

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

“बरोबर सांगतात त्या,” मी म्हणालो, आणि पुढची स्लाइड लावली.