कोरमकाकू

मांडवात नवरी आली की बायका तिचा शालू पाहतात. काकू माणसं मोजायच्या. बारसं असो की तेरवी, त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहायचा आणि ओठ हलायचे. मोजणी संपली की शेजारणीच्या कानाशी लागून म्हणायच्या, "दोनशेच्या वर हायेत, पाह्य. जेवाले येतेत, मंग सभेले याले का होते याइले?"

त्यांचं खरं नाव गोकर्णाबाई. गावातल्या टवाळ पोरांनी 'कोरमकाकू' केलं आणि तेच चिकटलं. मी तिथं ग्रामसेविका म्हणून गेले तेव्हा नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. आसेगावच्या अलीकडे आत वळलं की हे गाव लागतं. मधून नाला वाहतो. अलीकडचे वेशीकडचे, पलीकडचे नाल्याकडचे. वेशीकडे जमिनी होत्या. नाल्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची.

कोरमची भानगड अशी. आमच्या गावाच्या ग्रामसभेला निदान शंभर मतदार हजर लागतात, तोच कोरम. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि पुढच्या तहकूब सभेला मात्र माणसांची अट राहत नाही. दहाजण बसले तरी ठराव होतो. त्यामुळे पहिल्या सभेला कोणी येऊच नये, याची सोय पुढारी आपोआप करतात. आम्ही ग्रामसेवकही मान खाली घालून सभेचं प्रोसिडिंग लिहितो. मीही लिहिलं. गावाच्या नव्या टाकीची पाइपलाइन कुठून कुठे न्यायची, हे अशाच एका सभेत जानेवारीत ठरलं. नाल्याकडची कुलपं अजून उघडायची होती.

ऊसतोडीहून माणसं परतली तेव्हा पाइप नाल्याच्या अलीकडे येऊन थांबला होता. बोलायला गेलेल्यांना उत्तर मिळालं की ठराव झालाय, सही-शिक्क्यानिशी. त्यातच निवडणूक आली. दोन पॅनल झाले, एकेका घरात दोन झेंडे लागले. सरपंचपदाला सारखी मतं पडली, चिठ्ठी टाकली, वेशीकडची निघाली. डीजे लावून मिरवणूक मुद्दाम नाल्यापर्यंत नेली गेली. पलीकडच्या बायकांनी वाटेत रिकामे हंडे मांडून ठेवले होते. कोणीतरी हंड्याला लाथ मारली, शिव्या झाल्या, आणि अलीकडून एक दगड गेला. तो पलीकडच्या विठ्ठल नावाच्या पोराच्या कपाळावर बसला. मग दोन्हीकडून दगडच दगड. संध्याकाळपर्यंत गावात पोलिसांची गाडी उभी होती आणि दोन्ही बाजूंच्या पोरांची नावं केसमध्ये गेली होती.

त्यानंतर गावात सगळं दोन दोन झालं. दोन पिठाच्या गिरण्या, दोन चहाच्या टपऱ्या. सोयाबीन काढणीला नाल्याकडचे मजूर गाडी करून इंझोरीकडे जायला लागले, पण शेजारच्या बांधावर पाय ठेवेनात. वेशीकडच्यांनी बाहेरून माणसं आणली, ती वेळेवर पोचली नाहीत, आणि शेंगा जागच्या जागी तडकून दाणे मातीत गेले. नुकसान दिसत होतं, तरी कोणी एक पाऊल मागे घेईना.

अशात एके सकाळी काकू माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. साठीच्या आसपासची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. राहायच्या वेशीकडेच. चार एकर कोरडवाहू, नवरा नाही, एक मुलगा संजय.

"मॅडम, त्या पाइपाच्या सभेत किती माणसं व्हते?"

मी वही उघडली. "चौदा."

"चौदा? अन् मंग आख्ख्या गावाचं पानी चौदा जनायनं ठरोलं?"

"कायद्यात बसतं काकू. तहकूब सभेला कोरम लागत नाही."

काकूंनी वही आपल्याकडे ओढून सह्यांवरून अंगठा फिरवला. त्यांना अक्षर जेमतेम यायचं. मग म्हणाल्या, "कायद्यात बसलं असन. गावाच्या मनात नाई बसलं."

मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. त्या वहीवरची सही माझी होती.

त्या दिवसापासून काकूंनी एकच धंदा धरला. सभेला या. दारोदार जायच्या, दोन्हीकडे. वेशीकडचे म्हणायचे, म्हातारी फुटली. नाल्याकडचे म्हणायचे, तिले त्याइनंच धाडलं. पहिल्या सभेला एकतीसजण आले. पुढच्या सभेला त्रेपन्न. प्रत्येक वेळी पुढारी हसायचे आणि काकू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चपला घालायच्या. कोणी म्हणालं, "कायले पाय झिजोतं काकू?" तर उत्तर तयार असायचं, "पाय झिजले तं झिजू दे. पोरायचे डोस्के फुटन्यापरीस बरं."

सगळ्यात कठीण दार होतं रुखमाचं. विठ्ठलची आई. दोघींनी तीस वर्षं एका ओळीत निंदण केलं होतं, एका फडक्यातली भाकर खाल्ली होती. दगडानंतर रुखमाने बोलणं टाकलं. काकू आल्या की ती आतून कडी घालायची. मग काकू ओट्यावर बसून बंद दाराशी बोलायच्या. एकदा दाखल्याच्या कामाने मी तिथून जात होते, तेव्हा ऐकलं.

"रुखमे, मले माफ करू नोको. मी त्यासाठी येऊनच नाई राह्यली. तुले जे बोलाचं हाय थे सभेत बोल. समद्यासमोर बोल. माह्या तोंडावर बोल. पन ये."

दार उघडलं नाही. काकू पदराने तोंड पुसून उठल्या.

एक मेपर्यंत नाल्याकडची माणसं परतलेली असतात, म्हणून मी जाणूनबुजून तीच सभा धरली. नोटिशीत पहिला विषय लिहिला, पाइपलाइनचा फेरविचार. सरपंचांनी नोटीस वाचली आणि थंडपणे विचारलं, "मॅडम, गाव आवडत नाई का? बदली पाह्यजे?" मी नोटिशीवर शिक्का मारला. म्हटलं, "सभा झाल्यावर करा." हे धैर्य माझं नव्हतं, उसनं होतं. कोणाचं ते सांगायला नको.

शाळेच्या पटांगणात सकाळी नऊ वाजता सभा. साडेनऊला बासष्ट सह्या झाल्या. दहाला अठ्ठ्याऐंशी. नाल्याकडची माणसं आली होती, पण शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती. आत यायला कोणी तयार नव्हतं. बाहेर उभं राहिलेलं माणूस रजिस्टरवर धरता येत नाही. सरपंच घड्याळ पाहत म्हणाले, "चला, तहकूब लिवा."

काकू उठल्या. फाटकात जाऊन मधोमध उभ्या राहिल्या, आतल्यांनाही दिसतील आणि बाहेरच्यांनाही.

"आयका," त्या म्हणाल्या. "कोर्टात काय व्हईन थे व्हईन. मी गावाले सांगते. त्या दिशी पह्यला दगड माह्या पोरानं मारला. संजयनं. मी माह्या डोयानं पाह्यलं अन् इतके दिस चूप बसली."

संजय आतच होता, कडुनिंबाखाली. त्याने मान खाली घातली, पण हलला नाही.

"त्याची सजा त्यानं भोगावी. पन हंडे रिकामे काहून व्हते, थेबी कोनी तरी सांगा. चौदा जनायनं गाव चालोलं म्हून हे झालं. अन् बाकीचे आपन घरी बसलो, म्हून त्या चौदायचं चाललं. आज बाहीरून वापस गेले तं उद्या पुन्हा चौदाच राहतीन."

मग बाहेरच्या गर्दीतून रुखमा पुढे आली. फाटकापाशी थांबली आणि काकूंकडे पाहून म्हणाली, "सरक ना मंग. दारात उभी राह्यली तं आमी जावं कोठून?"

काकू सरकल्या. रुखमामागून विठ्ठल आला, कपाळावर टाक्यांचा व्रण घेऊन. त्याच्यामागून बाकी सगळे. मी सह्या घेत होते, अंगठे घेत होते. नव्वद, पंच्याण्णव, शंभर, एकशे एक. कोणीतरी टाळी वाजवली आणि पटांगणभर टाळ्या झाल्या. रजिस्टरची पानं संपली. मी वहीची पानं फाडून रेघा मारल्या. दोनशे सतराव्या सहीवर शाई संपली.

मग भांडण झालं. चार तास. रुखमा बोलली, तिच्या मनात साचलेलं सगळं बोलली, काकूंच्या तोंडावर बोलली. सरपंचही ओरडले, विठ्ठलही ओरडला. पण दगड कोणी उचलला नाही. दुपारी दोन वाजता पाइप नाल्यापलीकडे नेण्याचा ठराव झाला, तेव्हा हात मोजायची गरजच पडली नाही. सरपंचांचा हातही वर होता. दुसरा ठराव काकूंचा होता. ऊसतोडीची माणसं गावात नसताना गावाच्या पाण्याचा, रस्त्याचा निर्णय घ्यायचा नाही. तोही झाला. इतकं लांब प्रोसिडिंग मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि सही करताना पहिल्यांदाच हात जड झाला नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. केस वर्षानुवर्षं चालली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या संजयचं वय त्या केसपायी निघून गेलं. आता जऊळक्याला स्टेशनजवळ त्याचं पंक्चरचं दुकान आहे. काकूंनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही, निदान माझ्यासमोर नाही. पण दिवाळीआधी नाल्याकडच्या नळाला पाणी आलं, आणि पहिला हंडा भरायला रुखमाने काकूंना हाताला धरून नेलं. पुढच्या हंगामात सोयाबीन वेळेवर निघालं.

माझी बदली झालीच, पण तीन वर्षांनी, रीतसर. गेल्या वर्षी ग्रामसभेच्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"मॅडम, आज मी सभेले गेलीच नाई. चार दिसापासून ताप हाय. कोनाले सांगाले बी नाई गेली."

मला वाईट वाटलं. "जाऊ द्या काकू, एखादी सभा हुकली तर..."

"हुकली?" त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, पण हसू थांबेना. "अवो, सभा भरली! इथं घरात पडल्या पडल्या माइकचा आवाज येऊन राह्यला. आइकता का? रुखमाच बोलून राह्यली. बसाले जागा नाई म्हंतेत. माह्याबिगर भरली, मॅडम. माह्याबिगर!"

त्यानंतर महिनाभरातच काकू गेल्या. मी गेले होते शेवटचं दर्शन घ्यायला. पण मला त्या आठवतात त्या फोनवरच्या, अंगात ताप असलेल्या, आणि आपली गरज उरली नाही म्हणून आनंदाने हसणाऱ्या.