काकांचं गाठोडं

आमच्या सासूबाई शेजाऱ्यांचा देव बुडवून आल्या, हे मला पोळ्या लाटताना कळलं. लाटणं हातातच राहिलं.

विरार पश्चिमेला आमची बिल्डिंग तेव्हा नवीनच होती, ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. समोरच्या फ्लॅटात काका एकटेच राहायचे. अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. बोलणं आमच्यापेक्षा अस्सल मराठी. फक्त शनिवारी गॅस पेटवायचे नाहीत, आणि दाराच्या चौकटीवरच्या प्रार्थनेच्या छोट्या डबीला बोटं लावून ती ओठांना टेकवल्याशिवाय बाहेर पडायचे नाहीत. देवाचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी एकदा विचारलंच. हसून म्हणाले, तुझ्या सासूनं कधी सासऱ्यांचं नाव घेतलंय का? मग हा तर केवढा मोठा!

घर रंगवायला काढलं म्हणून काका आठ दिवस ठाण्याला लेकीकडे निघाले. जाताना पांढऱ्या फडक्यातलं एक गाठोडं सासूबाईंच्या हाती दिलं. आत त्यांच्या वडिलांनी बोरूने लिहून काढलेल्या हिब्रू प्रार्थना, वाळवीने चाळण केलेल्या. जीर्ण झालंय, देवाचं आहे, जपा, एवढंच म्हणाले. आता सोलापूरकडच्या बाईला जीर्ण आणि देवाचं म्हटलं की एकच कळतं. दोन दिवसांत बाईंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं घातली, आणि रिक्षा करून अर्नाळ्याला जाऊन समुद्रात सोडून आल्या. चेहरा काय प्रसन्न! आपली पोथी जीर्ण झाली तर आपण हेच करतो की, म्हणाल्या.

काका परत आले, सगळं ऐकलं आणि जिन्यातच मटकन बसले. देवाचं नाव लिहिलेला कागद त्यांच्यात फाडत नाहीत, जाळत नाहीत, पुसू देत नाहीत. माणसासारखा मातीत पुरतात. हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ओरडले असते तरी बरं वाटलं असतं.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "ते मला माझ्या कबरीत न्यायचं होतं. बाबांना शब्द दिला होता."

मग म्हणाले, मी आज जेवणार नाही, देवाचं नाव पुसलं गेलंय, त्याचा आमच्यात उपास धरतात. मधुमेहाचा माणूस! मी नेलेलं ताट तसंच परत आलं. सासूबाईंनीही तोंडात पाणी घेतलं नाही. रडल्या, आणि मग माझ्यावरच तडकल्या, की एवढी शिकलेली तू, मला आधी का नाही अडवलंस? घ्या! मला कुठे सांगून गेल्या होत्या?

सकाळी दोघी अर्नाळ्याला गेलो. भरती सगळं परत आणून टाकते, एवढीच आशा. किनाऱ्यावर जो दिसेल त्याला विचारत सुटलो. बोंबील सुकत घातले होते तिथे एका कोळणीने बांबूकडे बोट दाखवलं. फडकं तेच, गाठ तीच, बोंबलांच्या शेजारी वाळत होतं.

"देवाचा काय तरी हाय असा वाटला," ती म्हणाली. "पायाखाली कसा टाकू?"

मासळीच्या नुसत्या वासाने ज्यांना उमासे येतात, त्या माझ्या सासूबाई रिक्षात ते गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या.

काकांनी गाठ सोडली. पानांचा लगदा होऊन वाळून पापड झाला होता. त्यांनी एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. शाई धुऊन गेली होती, एक अक्षर दिसेना. काकांनी सगळं पुन्हा बांधलं, गाठोडं ओठांना टेकवलं आणि म्हणाले, चला वहिनी, दोन घास खाऊन घेऊ.

दोन-तीन वर्षांनी काका गेले. त्यांच्या लेकीने ते गाठोडं त्यांच्याबरोबर ठेवायला दिलं. आम्ही दोघी कबरस्तानाच्या फाटकापाशी उभ्या होतो. आत माती लोटायला लागले तेव्हा सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"अगं, त्यात नाव नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "तो ओळखेल ना त्यांना?"