आई असं म्हणाली नव्हती

धाकट्या भावानं लग्नाला नकार दिला तेव्हा मी चेन्नईत एका वकिलाकडे टायपिस्ट होतो. आम्ही तंजावरकडचे मराठी, मैलापूरला भाड्यानं राहायचो.

"मी माझ्या मित्राबरोबर राहणार," भाऊ जेवता जेवता म्हणाला. मित्र अंबत्तूरला भावाच्याच कारखान्यात कामाला होता, आमच्याकडे कितीदा जेवून गेलेला.

सार वाढताना आईनं एवढंच विचारलं, "तिथं स्वैपाक कोण करणार?"

मी भडकलो. ऑफिसात टाइप केलेले इंग्रजी शब्द मराठीत आणून तिला ऐकवले : हे निसर्गक्रमाच्या विरुद्ध आहे, गुन्हा आहे.

"कोण म्हणतो?"

"कायदा. इंग्रजांनी केलेला."

"ते गेले ना रे, कण्णा?" तिनं लाडानं विचारलं.

भाऊ खो खो हसला. आईही हसली. आईच्या मराठीत त्या गोष्टीला शिवी नव्हती; मी ती कोर्टातून घरी आणली, आणि त्या शिवीचं हसं झालेलं मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली होती. मी भावाची बॅग दाराशी ठेवली. म्हणालो, "आईला तुझ्यासमोर बोलवेना. तिनं सांगितलंय, पुन्हा तोंड दाखवू नकोस." आई परतल्यावर तिला सांगितलं, तोच गेला, शोधू नका म्हणाला.

पुढं दर सणाला आई त्याचं पान मांडायची. जेवणं झाली की मी ते उचलायचो.

आई गेली तेव्हा तो आला, पण स्मशानाच्या फाटकाबाहेरच उभा राहिला. तोंड दाखवू नकोस म्हटलेलं त्यानं पाळलं. मी त्याला पाहिलं. खांद्यावर मडकं होतं, हाक मारता आली असती. मारली नाही.

पुढं कोर्टानं तो कायदाही मोडीत काढला. पेपर हातात घेऊन मी ठरवलं, अंबत्तूरला जायचं. गुडघे दुखतात, ऊन फार आहे, असं म्हणत राहिलो. गेल्या वर्षी भाऊ गेला, तेव्हा गेलो.

दार मित्रानंच उघडलं. तोही म्हातारा झालाय. मी त्याला सगळं सांगितलं. आईनं तसं कधीच म्हटलं नव्हतं, हेही. त्यानं समोरच्या भिंतीकडं हात केला. मग तमिळमध्ये म्हणाला, "अण्णा, इथं तुमच्या आईचा फोटो मी कितीदा लावायला घेतला. तुमचा भाऊ लावू द्यायचा नाही. म्हणायचा, या घरात यायला तिला आवडणार नाही."