गेटवरचा फोटो

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे एवढं भाडं कशासाठी भरतेस असं पुढे कुणी विचारायला नको. लहानपणी घरात मला भित्री भागूबाई म्हणायचे. आता चाळिशी उलटली, ऑफिसात हाताखाली अकरा माणसं आहेत, पण झोपायच्या आधी कडी लागली आहे का हे मी अजूनही तीनदा उठून बघते. तिसऱ्यांदा बघताना मलाच माझा राग येतो, आणि तरी बघते.

घरात आम्ही दोघंच, अप्पा आणि मी. अप्पा मूळचे बेळगावकडचे. बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली बस किती वाजता गेटबाहेर पडली, किती वाजता परत आली, हे गेटवर बसून लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बदली होऊन बंगळूरला आले आणि बसवनगुडीत तळमजल्यावरचं एक घर भाड्यानं घेतलं, ते तीस वर्षं सोडलं नाही. आई त्याच घरात गेली. धाकटा भाऊ शिकून परदेशी गेला. त्याच्यामुळे मी घरात सगळ्यांचीच अक्का झाले होते, आणि अप्पासुद्धा मला अक्काच म्हणतात.

ते घर आम्ही सोडलं ते एका कॉफीच्या कपामुळे. एकदा दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मी ऑफिसातून लवकर परतले. दार सताड उघडं. आत आईच्या झोपाळ्यावर एक अनोळखी माणूस बसून कॉफी पीत होता आणि अप्पा समोर स्टुलावर बसून त्याच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत होते. "पाइपलाइनचा सर्व्हे आहे म्हणे," अप्पा मला म्हणाले. मला बघताच तो माणूस उठला, कप तसाच ठेवला आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडला. त्यानं काय काय विचारलं, असं मी अप्पांना खोदून खोदून विचारलं. घरात किती माणसं, मुलगी कितीला जाते, कितीला येते, मागचं दार कुठं उघडतं. अप्पांनी सगळं सांगितलं होतं, आणि वर साखर जास्त हवी का तेही विचारलं होतं.

चोरीला काहीच गेलं नाही. पण त्या दिवसापासून मला झोप येईना. पाल चुकचुकली तरी मी उठून बसायची. ऑफिसात बसले की डोळ्यांपुढे तो झोपाळा यायचा, आणि त्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. मी तासातासाला अप्पांना फोन करायची. ते फोन उचलायला जरा उशीर करत, तेवढ्यात मी त्यांचं काय काय झालेलं बघून घेत असे.

व्हाइटफील्डचा फ्लॅट दाखवणारा एजंट हुशार होता. तरणतलाव, जिम हे सगळं त्यानं दोन मिनिटांत उरकलं. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मला थेट गेटवर नेलं. बाहेरचा कुणीही आला की सिक्युरिटीवाला त्याचा फोटो काढतो, तो तुमच्या मोबाइलवर येतो, तुम्ही हिरवं बटण दाबलं तरच तो आत येतो. लाल दाबलं की विषय संपला. "मॅडम, आपकी मर्ज़ी के बिना परिंदा भी पर नहीं मारेगा," तो म्हणाला. चौदाव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर मी धड बघितलंसुद्धा नाही. माझं ठरलं होतं.

भाडं माझ्या पगाराच्या जवळजवळ निम्मं. शिवाय दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स. पुण्यातली मावसबहीण फोनवर म्हणाली, "अगं, एवढ्यात इथे स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता गेला असता. तुला काय वेड लागलंय?" मी हसून वेळ मारून नेली. तिला काय सांगणार? मी भिंतींचं भाडं भरतच नव्हते. ते लाल बटण मी भाड्यानं घेतलं होतं.

आणि मला झोप लागली, हे खोटं कशाला सांगू? पहिल्या रात्री मी आठ तास झोपले. सकाळी अप्पा म्हणाले, "घोरत होतीस की!" आणि स्वतःच खूश झाले.

पण भीतीला रिकामं बसवत नाही. दाराकडून हलली ती अप्पांकडे गेली. नव्या इमारतीत सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी, दोन टॉवर तर जुळे. अप्पा एकदा तेराव्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच्या कुलपाचे आकडे दाबत बसले. एकदा गेटला डेपो म्हणाले. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. तेच बसवनगुडीत झालं असतं तर मी हसले असते. इथे मला हसू येईना. ऑफिसच्या कामातून वेळ काढून मी विसरण्याच्या आजारावर जे सापडेल ते वाचत सुटले. आज वार कोणता, काल जेवायला काय होतं, असे प्रश्न सहज विचारल्यासारखे विचारू लागले. अप्पा मुकाट्यानं उत्तरं देत. एकदा मात्र म्हणाले, "अक्का, परीक्षा आहे काय?" मी विषय बदलला.

त्या बुधवारी मी घरूनच काम करत होते. माझ्या खोलीचं दार लावलेलं, कानाला हेडफोन, समोर परदेशातली माणसं आणि माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत असलेली. मोबाइल बाजूला थरथरायला लागला. दिवसभरात तो कितीदा थरथरतो याला गणतीच नाही. कुरिअर, किराणा, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा, कुणाकडे तरी जायचं ते चुकून आमच्याकडे येणारे. मी स्क्रीनवरून डोळे न काढता अंगठा फिरवला. लाल. मोबाइल शांत झाला आणि मी माझं वाक्य पूर्ण केलं.

कॉल संपला तेव्हा सव्वाचार झाले होते. चहा टाकावा म्हणून बाहेर आले तर हॉल रिकामा. अप्पांची खोली रिकामी, बाथरूमचा दिवा बंद. त्यांचा मोबाइल भिंतीशी चार्जिंगला लावलेला. बाल्कनीचं सरकतं दार थोडं उघडं होतं.

त्या दाराकडे मी कशी गेले ते मला आठवत नाही. कठडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, मग उघडून खाली बघितलं. खाली हिरवळ होती, तिच्यावर कुणीतरी पाणी मारत होतं. बाकी काही नव्हतं. मी तिथंच फरशीवर बसले. मग उठून चपला न घालताच लिफ्टकडे पळाले.

बागेत नव्हते. कोपऱ्यातल्या गणपतीच्या देवळात नव्हते. तरणतलावाचं पाणी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि ते स्वच्छ निळं आहे हे दिसूनही पुन्हा एकदा बघितलं. तळघरात गाड्यांच्या रांगांमधून "अप्पा, अप्पा" करत धावले. सगळे खांब सारखे, सगळ्या रांगा सारख्या, आणि माझाच आवाज फिरून माझ्याकडे येत होता. मनात एकच चाललं होतं. झालं, ज्याची भीती होती तेच झालं. ते घर विसरले. या भल्यामोठ्या शहरात ते आता कुठल्या तरी बसमध्ये बसले असतील, आणि त्यांना कुणी पत्ता विचारला तर ते डेपोचा सांगतील.

गेटवर एक नवीनच सिक्युरिटीवाला होता. मी धापा टाकत सांगितलं, म्हातारे आहेत, चष्मा, चौकड्याचा शर्ट.  मग त्यानं त्याचा मोबाइल पुढे केला. "मॅडम, ये वाले अंकल? पीछे के गेट से गए थे, कार्ड नहीं था. मैंने तो एंट्री डाली थी. आपने ही मना किया."

फोटोत अप्पा होते. हातात मेथीची जुडी, टोपी काढून काखेत धरलेली, डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. खाली आमच्या फ्लॅटचा नंबर, अगदी बरोबर. त्याच्याखाली लाल अक्षरं आणि वेळ. दोन चाळीस.

 अप्पा काहीच विसरले नव्हते. टॉवर, मजला, नंबर, सगळं त्यांनी नीट सांगितलं होतं. बापाचं तोंड माझ्या हातातल्या मोबाइलवर आलं होतं आणि ते मी ओळखलं नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

"उधर बैठे हैं," सिक्युरिटीवाल्यानं बोट दाखवलं.

रस्त्यापलीकडे झाडाखाली एक बाई शहाळी विकते. तिच्या गाडीमागे पालथ्या क्रेटवर अप्पा बसले होते. मेथीच्या जुडीवर ओला रुमाल टाकलेला होता. पावणेदोन तास ते तिथं बसून होते, आमच्या गेटकडे तोंड करून. मी रस्ता कसा ओलांडला ते गाडीवाल्यांनाच ठाऊक. शहाळेवाली मला कन्नडमध्ये रागावली, की म्हाताऱ्या माणसाला उन्हाचं असं बसवतात का? ती म्हणाली, मी चारदा म्हटलं तुमच्या मुलीला माझ्या फोनवरून बोलवा, तर म्हणतात तिचं ऑफिस चाललंय, तिला त्रास नको.

अप्पांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. "झालं काम?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं ते असं, "अप्पा, नेटवर्क गेलं होतं. ते अ‍ॅपच बंद पडलं होतं. मला काही आलंच नाही."

त्यांनी मेथीवरचा रुमाल उचलून त्याची घडी केली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "सरी, असू दे," म्हणाले. "मशीन म्हटल्यावर असं होतंय. त्या पोराला बोलू नकोस. गेटवरच्या माणसानं नियमानंच चालायचं असतंय."

आम्ही रस्ता ओलांडून आलो. गेटशी अप्पा आपोआप थांबले आणि पुन्हा टोपी काढून उभे राहिले. मी त्यांचा दंड धरून त्यांना आत आणलं. संध्याकाळी त्यांनी मेथी केली.  उन्हाची वेळ, जवळजवळ दोन तास, त्यांचा रक्तदाब वाढला असता तर, ते क्रेटवरून पडले असते तर, असं माझ्या डोक्यात सारखं फिरत होतं. त्याखाली आणखी एक भीती होती, तिला मी हातच लावला नाही. त्या पोरानं अप्पांना काय सांगितलं असेल?

दुसऱ्याच दिवशी मी असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन अप्पांचं नाव आणि चेहरा रहिवासी म्हणून नोंदवून घेतला. आता त्यांना कुठल्याही गेटनं, विचारल्याशिवाय, सरळ आत येता येतं. पण ते येत नाहीत. रोज भाजी घेऊन आले की त्या सिक्युरिटीवाल्यापुढे उभे राहतात. तो म्हणतो, "अंकल, आप जाइए ना." अप्पा म्हणतात, फोटो काढ, नोंद असलेली बरी. मला वाटलं, जुन्या नोकरीची खोड वर आली असेल. मग वाटलं, हेसुद्धा त्याच आजाराचं लक्षण असेल का? मी परत वाचायला बसले.

रोज साडेअकराच्या सुमाराला मोबाइल थरथरतो. टोपी काखेत, केस हातानं बसवलेले, परीक्षेच्या हॉलतिकिटावर असावं तसं गंभीर तोंड. मी समोर कुणीही असो, वाक्य अर्धं तोडते. फोटो बघते, अंगठ्याखालचा रंग दोनदा तपासते, मग हिरवं दाबते. 

गेल्या आठवड्यात घरमालकाचा मेसेज आला. करार संपतोय, भाडं वाढवून पुढचे अकरा महिने राहणार का? तो मी तीनदा वाचला. सोडलं तर पुन्हा तळमजला, पुन्हा ती सताड दारं, पुन्हा तो झोपाळा. राहिलं तर हे गेट. दोन्हीकडे भीतीच, आणि एकीचं भाडं दुसरीपेक्षा चौपट.

अप्पा जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होते. मी समोर बसले. "अप्पा, जाऊ या का परत बसवनगुडीला? तिकडे तुमच्या ओळखी आहेत. इथे भाडं पण फार होतं. खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी दोन काड्या निवडल्या. "राहू या की इथंच. तिकडं तुला झोप नव्हती. इथं घोरतेस."

"पण तुमचं काय?"

"माझं काय असणार? मला काही नको." ते पानं खुडत राहिले, वर न बघता. "फक्त फोटो आला की स्वल्प बघत जा, अक्का."